महाराणीचं उष्टं

त्या एका गाईच्या गळ्यात प्रदर्शनाचा पट्टा पडला, तर आबांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते मी तिच्या शेपटीमागं उभा राहून मोजत होतो. एक, तालुका दूध संघाचं अध्यक्षपद. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. दोन, संघाची पांढरी जीप. तीन, महाराणीच्या पोटच्या कालवडींना जन्माला यायच्या आधीच गिऱ्हाईक. आणि चार, जे आबा कुणाला सांगत नसत: त्यांचे साडू गेल्या वर्षी बैलाला पहिला नंबर घेऊन गेले होते, आणि तेव्हापासून सासुरवाडीत आबांचं ताट दुसऱ्या पंगतीला लागत होतं.

"निवृत्ती, थर्मामीटर काढा," मॅडम म्हणाल्या.

मी काढला आणि पुसून त्यांच्या हातात दिला. पारा एकशे पाचाला टेकला होता.

मॅडम म्हणजे डॉ. अपर्णा केळुसकर, आमच्या दवाखान्याच्या पशुधन विकास अधिकारी. मी संघाचा कृत्रिम रेतन सेवक. मोटरसायकलला नायट्रोजनची टाकी बांधायची आणि वाड्यावस्त्यांवरच्या गाई भरवत हिंडायचं. शिक्षण बारावी आणि वर तीन महिन्यांचा कोर्स, पण सगळी ढोकवाडी मला 'डॉक्टर' म्हणायची. म्हणणाऱ्याचं तोंड धरणं माझ्या स्वभावात नव्हतं.

मॅडमनी महाराणीची नाकपुडी वर करून दाखवली. आतून लालभडक, जागोजागी खपल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. लांब कापसाच्या काडीनं त्यांनी नाकातला स्राव घेतला, काडी नळीत घातली आणि नळी बर्फाच्या डब्यात ठेवली.

"आबा, हा विषाणूचा आजार दिसतोय. पंजाबातून ट्रकनं आणलीत ना? तेव्हा होऊन गेला असेल, अंगात दबून राहिला असेल. आता परत उसळलाय. हिला वेगळी बांधा. चौदा दिवस दुसऱ्या जनावराच्या नाकाला नाक लागता कामा नये."

"आणि शनवारचं प्रदर्शन?"

"विसरा."

"विसरलो," आबा लगेच म्हणाले. आबा एवढ्या लगेच ज्याला हो म्हणत, ते कधी करत नसत. हे मला ठाऊक होतं, मॅडमना नव्हतं.

जाताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताप उतरवायला कुणी स्टिरॉइड टोचेल, तेवढं होऊ देऊ नका. गाय दोन दिवस टवटवीत दिसते, पण दबलेला विषाणू लाखानं बाहेर पडतो. नाकातून, लाळेतून. लक्ष ठेवाल ना?"

"ठेवतो मॅडम," मी म्हणालो. मीही लगेच म्हणालो.

शुक्रवारी सकाळी आबांचा निरोप आला. गोठ्यात गेलो तर आबा स्वतः महाराणीच्या पाठीवर खरारा फिरवत होते. महाराणी मान खाली घालून उभी होती. पेंडीला तिनं तोंड लावलं नव्हतं. कोपऱ्यात गोजराक्का शेण भरत होती.

गोजरा खरात ओढ्यापलीकडं एकटी राहायची. सकाळी आबांच्या गोठ्यातलं शेण काढायची, दिवसा मिळेल त्या रानात खुरपायची. दारात एकच गाय, चांदी, तिच्याच जुन्या गाईच्या पोटची. चांदी तीनदा उलटली होती. चौथ्यांदा मी भरवली तेव्हा गाभण राहिली, आणि आता पाचवा महिना चालू होता. "कालवड व्हऊ दे रं निवृत्ती," ती मला भेटेल तिथं सांगायची, जसं काही ते माझ्याच हातात होतं. कालवड झाली की दोन गाई होणार, दोन गाई झाल्या की दुसऱ्याचं शेण सुटणार. तिचं सगळं गणित एवढंच होतं, आणि ते चांदीच्या पोटात होतं.

"लेका, ती टवटवीत करायची सुई हाय का तुझ्याकडं?" आबांनी विचारलं.

"आबा, मॅडम म्हणाल्या..."

"मॅडम उद्या बदलून जातील. मी हितंच हाय, तू बी हितंच हायस." खरारा थांबला. "किती वर्सं झाली तुला रोजंदारीवर?"

"सहा."

"संघात बसलो की पयली सही तुझ्या कागदावर. आता बोल, हाय का न्हाय?"

होती. माझ्याच पेटीत होती. गोजराक्कानं पाटी डोक्यावर घेता घेता माझ्याकडं पाहिलं. मी मानेच्या कातडीत सुई घातली, मग बाहेर येऊन हात धुतले.

शनिवारी महाराणी रिंगणात अशी उभी राहिली की बघणाऱ्यानं नुसतं बघतच राहावं. नाकाला आबांनी व्हॅसलीन चोपडलं होतं, डोळे दर पाच मिनिटांनी स्वतःच्या उपरण्यानं पुसत होते. तब्येतीचा दाखला महिन्यापूर्वीचा होता, पण दाखल्याच्या तारखेवर चहा सांडायला कितीसा वेळ लागतो? पहिला नंबर आला. पट्टा गळ्यात पडला. साडूंनी टाळ्या वाजवल्या, त्या मी नीट ऐकल्या. फार हळू होत्या.

आता ढोकवाडीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं जिंकून आलेलं जनावर, बैल असो की गाय, घरोघर फिरवतात. दारात त्याचे पाय धुतात, कुंकू लावतात आणि आपल्या गोठ्यात नेऊन आपल्या गव्हाणीत त्याचं तोंड घालतात. त्यानं दोन घास खाल्ले की उरलेली वैरण ते 'उष्टं'. ते उष्टं कालवून आपल्या सगळ्या गुरांना चारायचं. बरकत येते म्हणतात. कितीजणांच्या गोठ्यात ती आली हे मी मोजलेलं नाही, पण ओढ्याअलीकडचं एकही घर सुटलं नव्हतं. सर्जेराव निकमांनी तर दोनदा नेली. एकदा जुन्या गोठ्यात, एकदा नव्या.

रविवारी हलगीच्या तालावर महाराणी गावभर फिरली. लाळ गळत होती. भामाआत्यांनी ती पदरात झेलली. "अमृत हाय गं बायांनू," त्या म्हणाल्या, आणि बायांनी आपापले पदर पुढं केले.

ओढ्यापलीकडं मात्र मिरवणूक गेली नाही. दिवस मावळायला आला होता, आणि एका घरासाठी ओढा कोण ओलांडणार? गोजराक्का पाण्याच्या कडेला आरतीचं ताट घेऊन उभी होती. मिरवणूक वळली तशी ती ताट तसंच घेऊन माघारी फिरली. मला ते बघवलं नाही. मी सर्जेरावांच्या गव्हाणीतलं ओंजळभर उष्टं वर्तमानपत्रात बांधलं आणि ओढा ओलांडून तिला नेऊन दिलं.

"देवमाणूस हायस रं बाबा," ती म्हणाली. तिनं ते चांदीला माझ्यासमोरच चारलं.

मी स्टिरॉइडची गोष्ट ऐकली होती, लाळेची ऐकली होती. पण खरं सांगतो, पुडी बांधताना मला त्यातलं काहीही आठवलं नाही. ढोकवाडीतच वाढलो होतो. बरकत म्हणजे बरकत.

सहाव्या दिवशी सर्जेरावांची गाय ढासायला लागली. आठव्या दिवशी निम्मं गाव. भल्या सकाळी रस्त्यानं निघालं की दोन्हीकडच्या गोठ्यांतून माणसं खोकावीत तशी जनावरं खोकत. दूध निम्म्यावर आलं. ज्या गाई नाकाच्या लालीवर निभावल्या त्या निभावल्या. ज्यांच्या छातीत उतरलं त्या माना लांब करून, तोंडं उघडी टाकून धापा टाकायला लागल्या. मॅडम सकाळी सहाला यायच्या आणि अंधार पडल्यावर जायच्या. मीही त्यांच्यामागं पेटी घेऊन फिरत होतो. चार गाई मेल्या. चौथी सर्जेरावांची, दिवसाला अठरा लिटरची.

चांदीलाही ताप भरला होता, पण ती तरली. पाचव्या दिवशी तिनं कडबा ओढला तेव्हा गोजराक्का मला बिलगून रडली.

चौथी गाय पुरली त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव जमलं. आबा पारावर. महाराणी मात्र त्यांच्या गोठ्यात धडधाकट रवंथ करत होती. तिचं काम झालं होतं.

"घटसर्प हाय हा," आबांनी सुरुवात केली. "माझ्या बापानं बघितला, आज्यानं बघितला. आणि घटसर्पाची लस दिली कुणी? सरकारी दवाखान्यानं. मग लस गेली कुठं? फ्रीजमदी व्हती, का बंद पडलेल्या फ्रीजमदी व्हती?"

लोकांत कुजबुज झाली. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कागद होता.

"घटसर्पात गळा सुजतो. चारांपैकी एकीचा तरी गळा सुजला होता का? सर्जेराव, तुमच्या गाईचा?"

सर्जेरावांनी आबांकडं पाहिलं. "आठवत न्हाय," ते म्हणाले. काल दुपारी ते त्याच गाईचा गळा कुरवाळत बसले होते.

"महाराणीच्या नाकातला नमुना मी प्रदर्शनाच्या आधी घेतला होता. त्यात विषाणू सापडलाय. तोच विषाणू इथल्या सहा गाईंच्या नमुन्यांत आहे."

"विषाणूनं गाय मरती व्हय?" भामाआत्यांनी विचारलं. "सर्दीनं कुनी मरतं का?"

"आत्या, घराला कुलूप असतं ना, तसं जनावराच्या घशाला आतून अस्तर असतं. न्यूमोनियाचे जंतू चांगल्या गाईच्या घशातसुद्धा बसलेले असतात. पण कुलूप आहे तोवर ते ओसरीवर. हा विषाणू काय करतो? नुसतं कुलूप तोडतो. मग ओसरीवरचे आत शिरतात आणि फुप्फुसं खातात. मेलेल्या गाईत आपल्याला दिसतो तो आत शिरलेला. कुलूप तोडणारा तोवर निघून गेलेला असतो."

मला वाटलं, आता कळलं लोकांना. दोन-तीन माना हललेल्याही मी पाहिल्या.

"म्हंजी," आबा हसत म्हणाले, "माझी महाराणी कुलूप फोडत गावभर हिंडली?"

लोक हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "गुरुवारी तिला एकशे पाच ताप होता. शनिवारी ती रिंगणात टवटवीत उभी कशी राहिली? मधल्या दिवशी तिला कुणीतरी इंजेक्शन दिलं. ते कोणतं होतं एवढंच मला कळू द्या. मी कुणावर कारवाई करणार नाही. पण तो आजार इथं कसा पसरला हे कागदावर आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच होईल."

आबा पानाला चुना लावत होते. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होतो.

"म्या बघितलं," मागून आवाज आला.

गोजराक्का उभी होती. सभेत बाई बोलणं आमच्याकडं नवं नव्हतं. ओढ्यापलीकडची बाई बोलणं नवं होतं.

"शुकिरवारी सकाळी म्या शेण काढत व्हते. निवृत्तीनं मानंच्या कातडीत सुई दिली. आबांनी सांगितल्यावर दिली. मॅडम नको म्हनल्यात असं त्यो बोलला बी." आणि मग माझ्याकडं बघून अगदी मऊ आवाजात, जसं एखाद्या पोराला धीर द्यावा तसं, "सांग की रं बाबा. खरं हाय ते सांग. तू का भितूस?"

आबांनी पान तोंडात ठेवलं. "निवृत्ती, दिलीस का सुई?"

आजही मला त्या क्षणात किती माणसं बसली होती ते सांगता येतं. मॅडम, कागद धरलेल्या. सर्जेराव, ज्यांनी महाराणीला दोनदा गोठ्यात नेलं होतं. भामाआत्या आणि पदर पुढं केलेल्या सगळ्या बाया. मॅडम सोडल्या तर त्यांतल्या कुणाच्याही डोळ्यांत मला 'खरं सांग' दिसलं नाही. खरं निघालं असतं तर त्यांना घरी जाऊन स्वतःच्या गव्हाणीकडं बघावं लागलं असतं. नाही म्हणायचीही सोय नव्हती. बाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"दिली," मी म्हणालो. "कॅल्शियमची व्हती."

सगळ्या देवळापुढं श्वास सुटला. तो मला ऐकू आला.

"घ्या," आबा म्हणाले. "दुभत्या गाईला कॅल्शियम नको द्यायला? हा काय गुन्हा झाला?"

"शेण भरायचं सोडून औषधाची नावं वाचायला लागली व्हय गं गोजरे?" सर्जेराव ओरडले. खुशीतच ओरडले.

"नाव न्हाई वाचलं," ती म्हणाली. "पर मॅडम नको म्हनल्या व्हत्या, ह्ये म्या कानानं..."

"बस खाली!" भामाआत्या उठल्या. "माझ्या दारी लक्षुमी आली व्हती. तिचं मी पदरात घेतलं. ते इख व्हतं म्हनतीस? तुझ्या दारी न्हाई आली म्हनून तुझं पोट दुखतंय!"

त्यावर मात्र हशा झाला नाही, टाळ्या झाल्या. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि विचारलं, "निवृत्ती, कॅल्शियम शिरेत देतात ना? मग मानेच्या कातडीत कसं दिलंत?"

प्रश्न बरोबर होता. तो समजणारे तिथं दोघंच होते, आणि त्यातला एक मी.

"थोडं व्हतं," मी म्हणालो.

पुढं जे झालं ते एका दमात सांगता येतं. गावानं सह्यांचा अर्ज केला. लस खराब होती म्हणून. पहिली सही आबांची, पाचवी माझी. मॅडमवर चौकशी बसली आणि चौकशी संपायच्या आत त्यांची बदली झाली, जिथं रस्ता पावसाळ्यात चार महिने बंद असतो अशा तालुक्यात. आबा सतरा मतांनी निवडून आले. सासुरवाडीत त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं, असं त्यांनीच जीपमधून उतरता उतरता मला सांगितलं. आबांच्या गोठ्यातलं गोजराक्काचं काम सुटलं. आणि आबा शब्दाला जागले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या कागदावर सही झाली.

त्याच आठवड्यात दुपारी गोजराक्काच्या शेजारच्या रानातला गडी मला बोलवायला आला. दवाखान्यात नवे साहेब अजून हजर झाले नव्हते. मी ओढा ओलांडून गेलो.

चांदी उभी होती. शेपटीखाली वार लोंबत होती. गव्हाणीशेजारी गोणपाट पसरलेलं, त्यावर दुसरं गोणपाट झाकलेलं. साडेसहा महिन्यांचं. हा विषाणू असंही करतो. गाय तरते, खोकला जातो, आणि महिना-दीड महिन्यानं, सगळं विसरल्यावर, गाभ पडतो. मॅडमनी मला सावध केलं होतं. त्या गेल्या त्या दिवशी, दवाखान्याच्या किल्ल्या माझ्याकडं देताना. "गाभण गाईंवर लक्ष ठेवा," एवढंच बोलल्या होत्या.

मी वरचं गोणपाट उचललं.

"कालवड हाय," गोजराक्का म्हणाली. "म्या बघितलं."

तिनं बादलीत ऊन पाणी आणलं, साबण आणला. मी खांद्यापर्यंत हात धुऊन आत घातला. वार चिकटलेली होती, एकेक गाठ सोडवत तासभर लागला. तेवढा वेळ ती चांदीच्या तोंडाशी उभी राहून तिचं कपाळ चोळत होती. मी दोन-तीनदा बोलायला तोंड उघडलं. प्रत्येक वेळी चांदीनं कळ दिली आणि मला गप्प बसायला कारण मिळालं.

वार निघाली. मी हात धुतले, गोळ्या दिल्या, पेटी बंद केली.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली.

आजवर ती मला 'निवृत्ती' म्हणायची. अरे-तुरे करायची. मी थांबलो. वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, तोंडावर शेण मारेल. मी त्याला तयार होतो. खरं म्हणजे त्याची वाटच बघत होतो.

ती घरात गेली. फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं ओंजळ पुढं केली. दहाच्या चार नोटा आणि बाकी नाणी, घामानं ओली.

"पन्नास हायेत. मोजून घ्या. तुमची फी."

"अक्का, नको. तुझ्याकडनं कसली..."

"का?" तिनं विचारलं. "सगळ्या गावाकडनं घेता. माझ्याकडनं का न्हाई?"

याचं एकच उत्तर होतं, आणि ते दिलं असतं तर पारावर जाऊनही द्यावं लागलं असतं. तिला ते कळत होतं. म्हणून तर ती तशीच हात पुढं करून उभी होती, मी काय करतो ते बघत.

त्या साथीत कुणी काय भरलं, हे मी पुढं पुष्कळदा मांडून पाहिलं. आबांनी काही भरलं नाही. गावानं चार गाई भरल्या आणि त्या लशीच्या नावावर टाकल्या. मॅडमनी त्या बंद रस्त्याच्या तालुक्यात नोकरीची पाच वर्षं भरली. गोजराक्कानं काम भरलं, कालवड भरली, आणि वर पन्नास रुपये.

मी ते मोजून घेतले.